परदेशी क्लबचा करार आणि घराची ओढ: सहीपासून परतीच्या तिकिटापर्यंत, कोणत्या क्रमानं काय करायचं

सतरा-अठरा ते बावीस-तेवीस वयाचा खेळाडू परदेशी क्लबशी करार करतो, जातो आणि चार महिन्यांत बॅग भरून परत येतो. हे सगळ्याच खेळांत होतं. घराची ओढ लागणं यात चूक काहीच नाही. घोळ होतो तो क्रमात. आधी विमान पकडलं जातं, उतरल्यावर क्लबला मेसेज जातो, आणि करार नेमका कुठल्या फाइलमध्ये आहे याची शोधाशोध वकिलाची नोटीस आल्यावर सुरू होते.

दुसरी चूक याच्या अगदी उलट. ‘सही केली आहेस ना, मग सोस’ असं म्हणत पोराला इतकं ताणायचं की त्याची झोप उडते, वजन उतरतं आणि खेळही जातो. करारात रजेची सोय असते, ती कोणी वाचलेलीच नसते.

पुढचे टप्पे ज्या क्रमानं दिले आहेत त्याच क्रमानं करा. नियमांचे दाखले बहुतेक फुटबॉलचे आहेत, कारण फिफाची बदलीविषयक नियमावली लेखी आणि तपशीलवार आहे. खेळ दुसरा असेल तर आपल्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत हेच मुद्दे शोधा. आकडे वेगळे निघतील, विचारायचे प्रश्न तेच राहतील.

टप्पा १ : आधी वय आणि नोंदणी

फुटबॉलमध्ये एका देशातून दुसऱ्या देशात बदली १८ वर्षं पूर्ण झाल्यावरच होते. अपवाद मोजके आहेत. आईवडील खेळाशी संबंध नसलेल्या कारणानं त्या देशात राहायला गेले असतील तर. १६ ते १८ वयाचा खेळाडू युरोपीय संघ किंवा युरोपीय आर्थिक क्षेत्राच्या आतल्या आत बदली करत असेल तर. किंवा घर आणि क्लब दोन्ही सीमेपासून ५० किलोमीटरच्या आत असून खेळाडू घरीच राहणार असेल तर. युरोपातल्या अपवादात क्लबवर शिक्षण, राहण्याची सोय आणि देखरेखीसाठी एक जबाबदार माणूस अशी बंधनं आहेत. बास्केटबॉलमध्येही १८ खालच्यांच्या आंतरराष्ट्रीय बदलीवर अशीच रोक आहे.

‘वडिलांना तिकडे नोकरी दाखवू, मग बसतं नियमात’ असं कोणी सुचवलं तर तिथंच थांबा. ही युक्ती जुनी आहे आणि पकडलीही जाते. अल्पवयीन खेळाडूंच्या नोंदणीचे नियम मोडल्याबद्दल बार्सिलोनासारख्या क्लबला २०१५ च्या दोन्ही ट्रान्सफर विंडोमध्ये (बदलीसाठी ठरवून दिलेल्या मुदतींत) नवे खेळाडू नोंदवता आले नाहीत. क्लब अशा बंदीतून सावरतो. नोंदणी अडकलेल्या मुलाला मात्र सामने न खेळता नुसता सराव करत बसावं लागतं, आणि रिकामा शनिवार-रविवार ही घराची ओढ वाढवणारी सगळ्यात वाईट गोष्ट.

पुढे जाण्याआधी तपासा:

– प्रस्तावाचं पत्र क्लबच्या अधिकृत ईमेलवरून आलं आहे का? तो क्लब त्या देशाच्या राष्ट्रीय महासंघाकडे नोंदलेला आहे का?
– एजंटकडे परवाना आहे का? फुटबॉलमध्ये परवानाधारक एजंटांची यादी फिफाच्या संकेतस्थळावर नावानिशी पाहता येते. खेळाडूशी त्याचा करार जास्तीत जास्त २ वर्षांचा असू शकतो. पाच वर्षांचा कागद पुढे करणारा एजंट नियम तरी जाणत नाही, नाहीतर तुम्हाला ते माहीत नाहीत असं धरून चालतो.
– व्हिसा खेळाडूचा किंवा कामाचा आहे का? ‘आत्ता पर्यटक व्हिसावर या, कागद मागाहून करू’ हे ऐकलं की बोलणं बंद करा.
– ट्रायलच्या आधी कोणी ‘नोंदणी शुल्क’ मागतंय का? मागत असेल तर एक पैसाही देऊ नका.

टप्पा २ : करारातली ओढीची कलमं

करार हातात आला की सगळे पगाराच्या आकड्यावर बोट ठेवतात. तिथं फार तर दोन प्रश्न विचारा: ही रक्कम कर कापण्याआधीची की नंतरची, आणि कोणत्या चलनात, महिन्याच्या कोणत्या तारखेला. खरा वेळ पुढच्या कलमांना द्या. चार महिन्यांनी रात्री दोन वाजता तुम्हाला हीच कलमं आठवणार आहेत.

*मुदत.* फिफाच्या नियमांनुसार करार कमीत कमी चालू हंगामाच्या शेवटापर्यंत आणि जास्तीत जास्त ५ वर्षांचा. १८ खालच्या खेळाडूला ३ वर्षांच्या पुढचा करार करता येत नाही. पहिल्यांदा घराबाहेर पडणाऱ्यासाठी लांब करार म्हणजे सुरक्षितता असं घरच्यांना वाटतं. आमचं मत उलट आहे. एक हंगाम, फार तर दोन. मुलगा रुळला तर वाढवता येतो, न रुळला तर शेवट जवळ दिसत असतो, आणि शेवट दिसत असला की माणूस कठीण दिवस काढतो.

*मुदतवाढीचा हक्क.* ‘क्लबला आणखी दोन वर्षं वाढवण्याचा अधिकार राहील’ हे वाक्य बहुधा शेवटच्या पानावर सापडतं. अधिकार फक्त क्लबचा असेल तर तो करार एक वर्षाचा नाही, तीन वर्षांचा आहे असं समजून वाचा. काढून टाका, किंवा वाढ दोघांच्या लेखी संमतीनं होईल असं लिहून घ्या.

*रजा.* हे कलम जवळून पाहू. छापील मसुद्यात साधारण असं असतं:

‘क्लब खेळाडूला योग्य वेळी मायदेशी जाण्याची परवानगी देऊ शकेल.’

यात तीन भोकं आहेत. योग्य वेळ कोण ठरवणार? ‘देऊ शकेल’ म्हणजे नाकारूही शकेल. आणि तिकिटाचे पैसे कोणाचे? त्याऐवजी असं मागा:

‘पहिल्या १२ महिन्यांत खेळाडूला किमान दोन वेळा, प्रवासाचे दिवस सोडून प्रत्येकी किमान १० दिवसांची पगारी रजा मिळेल. त्यातली एक पहिल्या १२० दिवसांच्या आत असेल. दोन्ही वेळचं जाण्यायेण्याचं तिकीट क्लब काढून देईल. आई, वडील, भावंड किंवा आजी-आजोबा यांचा मृत्यू वा गंभीर आजार असल्यास ४८ तासांच्या आत निघण्याची परवानगी मिळेल आणि ही रजा वरील दोन रजांमध्ये धरली जाणार नाही.’

क्लब दोन्ही तिकिटं देणार नाही कदाचित. एका तिकिटावर तडजोड करा, पण १२० दिवसांची अट सोडू नका. तारीख ठरलेली असली की पोरगा दिवस मोजतो, आणि दिवस मोजणारा पोरगा सहसा पळून येत नाही.

*बाहेर पडण्याची वाट.* ‘पहिल्या हंगामाच्या शेवटी, ३० दिवसांची लेखी नोटीस देऊन, कोणतीही भरपाई न देता खेळाडू करार संपवू शकेल.’ नवख्या खेळाडूसाठी हे कलम मागायला लाजू नका. क्लबनं नकार दिला आणि करार मोडल्यास अमुक रक्कम असं कलम घातलं, तर ती रक्कम पगाराच्या किती पट आहे ते पाहा. वर्षभराच्या पगाराहून जास्त असेल तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको.

*राहणं.* एकटं घर की सहखेळाडूंबरोबर, की स्थानिक कुटुंबात? सरावाच्या मैदानापासून किती अंतरावर? नेण्या-आणण्याची सोय कोणाची? करार संपला तर किती दिवसांत घर सोडायचं? पहिल्या वर्षी एकट्याचा फ्लॅट ही चैन वाटते, प्रत्यक्षात ती संध्याकाळी सहानंतरची कोठडी होते.

*दुखापत.* पगार चालू राहील का, शस्त्रक्रियेचा खर्च कोणाचा, आणि विश्रांतीचा काही काळ मायदेशी घालवता येईल का. हा शेवटचा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत. घर सर्वांत जास्त आठवतं ते प्लास्टरमध्ये पाय असताना, हे लक्षात ठेवून तो लिहून घ्या.

*वाद कुठं जाणार.* कोणत्या देशाचा कायदा, कोणता लवाद आणि दोन भाषांत करार असेल तर कोणती प्रत ग्राह्य. परक्या भाषेतल्या प्रतीवर ‘भाषांतर मागाहून देऊ’ या भरवशावर सही करू नका.

इशारा: वैद्यकीय तपासणी सहीच्या आधी उरकून घ्या. ‘मेडिकल पास झालं किंवा वर्क परमिट मिळालं तरच करार लागू’ अशी अट फिफाचे नियम मान्य करत नाहीत. म्हणजे सही झाली की दोन्ही बाजू बांधल्या गेल्या, व्हिसा येवो न येवो.

इशारा: पासपोर्ट ‘सुरक्षिततेसाठी’ क्लबकडे किंवा एजंटकडे ठेवायला देऊ नका. ओळखपत्रं काढून घेणं हे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं ठरवलेल्या सक्तमजुरीच्या ११ खुणांपैकी एक आहे. व्हिसाच्या कामासाठी दिलाच, तर पोच घ्या आणि परत मिळण्याची तारीख लिहून घ्या.

टप्पा ३ : निघण्याआधीचे सहा आठवडे

या काळात फिटनेसवर सगळं लक्ष जातं आणि बाकी तयारी निरोपसमारंभांत वाहून जाते. पुढचं उरका.

१. घराबाहेर राहण्याचा सराव. किमान दोन वेळा, प्रत्येकी सात दिवस, ओळखीच्या माणसांशिवाय. कपडे धुणं, चार पदार्थ रांधणं, आठवड्याचा बाजार, वेळेवर उठणं हे सगळं आपलं आपण. पहिल्या वेळी जे अडलं ते लिहून ठेवा, दुसऱ्या वेळी तेवढंच सुधारा.

२. फाइल. पासपोर्ट, व्हिसा, सही झालेला करार, विमा, वैद्यकीय अहवाल, एजंटचा करार. एक छापील संच खेळाडूकडे, एक घरी, एक क्लाउडवर. पासपोर्टची मुदत जाण्याच्या तारखेपासून किमान सहा महिने शिल्लक हवी, करार संपेपर्यंतची असेल तर उत्तम.

३. व्हिसा एकदाच प्रवेशाचा की अनेकदा, हे पाहा. एकदाच प्रवेशाचा असेल तर रजेवर घरी आलेला खेळाडू परत जाऊच शकत नाही आणि सुट्टीचं रूपांतर करारभंगात होतं. ही चूक व्हिसाच्या कागदावरच्या एका शब्दानं होते.

४. औषधं. घरून नेलेला काढा, चूर्ण, ‘ताकदीची’ पावडर, सर्दीची गोळी क्लबच्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय घ्यायची नाही. सर्दीच्या औषधांत सापडणारं एफेड्रिन ‘वाडा’च्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) बंदी असलेल्या पदार्थांच्या यादीत आहे, आणि शरीरात काय सापडलं याची जबाबदारी पूर्णपणे खेळाडूची असते. आईनं प्रेमानं पाठवलं, हा बचाव होत नाही.

५. पन्नास वाक्यं. तिकडच्या भाषेतली, पुस्तकी नकोत. ‘पास दे’, ‘मागे माणूस आहे’, ‘इथं दुखतंय’, ‘पुन्हा सांग’, ‘मला कळलं नाही’, ‘मला बरं वाटत नाही’. शेवटची तीन वाक्यं सगळ्यात आधी पाठ करा.

६. परतीचे पैसे. एकेरी तिकिटाची रक्कम वेगळ्या खात्यात, कोणालाही हात लावता येणार नाही अशी. ती वापरायची नसते. आपण अडकलेलो नाही एवढं कळण्यासाठी ती असते.

तपासा: क्लबमध्ये खेळाडूंच्या अडचणी पाहणाऱ्या माणसाचं नाव आणि थेट नंबर निघण्याआधी हातात आहे का? तिथल्या खेळाडू संघटनेचं सदस्यत्व मिळतं का? मिळत असेल तर पहिल्या आठवड्यातच घ्या. भांडण लागल्यावर सदस्य व्हायला गेलं तर काही संघटना जुन्या तक्रारी हाती घेत नाहीत.

टप्पा ४ : पहिले नव्वद दिवस

सुरुवातीचे दोन-तीन आठवडे नवलाईत जातात. नवा किट, नवे फोटो. ओढ लागते ती नवलाई उतरल्यावर, आणि तिचे ठरावीक तास असतात: सराव संपल्यानंतरची दुपार, सुट्टीचा दिवस, सामन्यात बाकावर बसून परतल्यानंतरची रात्र, घरी सणवार असतो तो दिवस. मैदानावर फारसा त्रास होत नाही. म्हणून ‘सराव तर छान करतोय’ या कोचच्या शब्दावर विसंबू नका.

या तासांची आखणी आधीच करून ठेवा. आठवड्यातून किमान तीन दुपारी घराबाहेरचं काहीतरी बांधलेलं हवं: भाषेचा वर्ग, अर्धवट राहिलेलं शिक्षण, क्लबच्या लहान मुलांच्या संघाला मदत. काम कोणतं याला महत्त्व कमी. कोणीतरी वाट पाहत असलं पाहिजे, म्हणजे ऐनवेळी टाळता येत नाही.

फोनचं वेगळं सांगायला हवं, कारण इथं घरचे आणि खेळाडू दोघंही चुकतात. झोपण्याआधीचा तासभराचा व्हिडिओ कॉल सगळ्यात जास्त घात करतो. फोन ठेवला की खोली आणखी रिकामी वाटते, झोप लांबते, सकाळचा सराव बिघडतो, त्याचं दुःख सांगायला पुन्हा रात्री फोन. हे चक्र मोडायचं तर कॉल दिवसा उजेडी, ठरलेल्या वेळी, वीस-तीस मिनिटांचा, आणि त्याच्यानंतर लगेच काहीतरी काम असेल असा ठेवा. पहिल्या महिन्यात रोज चालेल, मग एक दिवसाआड, तिसऱ्या महिन्यात आठवड्याला तीन. अचानक बंद मात्र करू नका. काही कोच ‘महिनाभर फोनच नको’ सांगतात. त्यानं ओढ दबते, कमी होत नाही.

जेवणाकडे लक्ष द्या. दर सोमवारी सकाळी, उठल्यावर, एकाच काट्यावर वजन करा आणि लिहा. तीन आठवड्यांत २ किलोपेक्षा जास्त उतरलं आणि सराव वाढलेला नसेल तर क्लबच्या आहारतज्ज्ञाला भेटा. चव नाही म्हणून अर्धं ताट टाकणारा खेळाडू आधी थकतो, मग दुखापत ओढवून घेतो, मग बाकावर बसतो. ओढीचं खापर त्यानंतर करारावर फुटतं.

इशारा: या नव्वद दिवसांत राहायचं की सोडायचं हा निर्णय घ्यायचाच नाही, हे जाण्याआधी घरात सगळ्यांसमोर ठरवून घ्या. अपवाद फक्त धोक्याचा, तो पुढच्या टप्प्यात आहे.

टप्पा ५ : ओढ की आणखी काही?

‘घरची आठवण येते’ या वाक्याखाली चार वेगळ्या गोष्टी लपतात आणि चौघींचा इलाज वेगळा. चौदा दिवस रोज पाच ओळी लिहा: किती तास झोप, जेवण कसं, सरावात मन लागलं का, दिवसातला सगळ्यात वाईट तास कोणता, कोणाशी बोललो. मग वाचा.

वाईट तास संध्याकाळचे आणि सुट्टीचे, सरावात मन लागतं, हसू येतं: ही साधी ओढ. टप्पा ४ मधली आखणी घट्ट करा, रजेची तारीख पक्की करा.

वाईट तास सरावाच्या आधीचे असतील, ड्रेसिंग रूमचं नाव काढलं की पोटात गोळा येत असेल: हा त्रास घराचा नसून माणसांचा आहे. चिडवणं, वंशावरून बोलणं, मारहाण, नको तो स्पर्श. यात सोसण्याचा प्रश्नच नाही. तारीख, वेळ, साक्षीदार लिहा आणि क्लबच्या बाहेरच्या माणसाला सांगा: खेळाडू संघटना, महासंघाचा संरक्षण अधिकारी, आपला दूतावास.

वाईट तास सामन्याच्या यादीनंतरचे असतील तर दुखणं संधी न मिळण्याचं आहे. कोचशी बोलणं, दुसऱ्या क्लबकडे उसनवारीवर जाणं, हे त्याचे उपाय. घरी जाऊन ते सुटत नाही, कारण घरी गेल्यावरही यादीत नाव नसतंच.

आणि सगळेच तास वाईट असतील, दोन आठवडे जवळपास रोज मन खचलेलं असेल, आवडतं काही आवडत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर ते नैराश्य असू शकतं. त्याला डॉक्टर हवा. जिवाचं बरंवाईट करून घेण्याचा विचार डोकावला तर चौदा दिवस थांबायचं नाही. त्याच क्षणी तिथल्या आपत्कालीन क्रमांकावर फोन, जवळच्या माणसाला हाक आणि एकटं न राहणं. त्या वेळी करार, विमान, नोंदणी काहीही आड येत नाही. कागदपत्रं मागून निस्तरता येतात.

टप्पा ६ : क्लबला लेखी सांगा, रजा मागा

तोंडी सांगितलेलं तीन महिन्यांनी कोणाला आठवत नाही. कोचला प्रत्यक्ष बोला, आणि त्याच दिवशी ईमेल पाठवा. मजकूर इतकाच पुरे:

‘आज सकाळी आपल्याशी बोलल्याप्रमाणे: गेले पाच आठवडे मला झोपेचा आणि घराच्या आठवणीचा त्रास होतो आहे. क्लबच्या डॉक्टरांना मी १२ तारखेला भेटलो. कराराच्या कलम ९ नुसार मला २० ते ३१ तारखेपर्यंत रजा हवी आहे. परतीचं तिकीट ३१ चं आहे. १ तारखेच्या सरावाला मी हजर राहीन. रजेत करायच्या व्यायामाचा तक्ता फिटनेस कोचकडून घेतो आहे. लेखी उत्तराची वाट पाहतो.’

या मजकुरात ‘मला सोडायचं आहे’, ‘जमेल असं वाटत नाही’, ‘बघू’ असे शब्द नाहीत, हे मुद्दाम. उद्या वाद झाला तर हाच ईमेल पुरावा असतो. मनातला सगळा गुंता मित्राला सांगा, समुपदेशकाला सांगा. क्लबच्या ईमेलमध्ये तारखा लिहा.

परवानगी लेखी आल्याशिवाय तिकीट काढू नका. निघण्याआधी चार गोष्टी तपासा: पुन्हा प्रवेशाचा व्हिसा, मायदेशी असताना विमा लागू आहे का, परतीची तारीख तिकिटावर छापलेली आहे का, आणि डोपिंग चाचणीच्या नोंदणीकृत गटात असाल तर ठावठिकाण्याची माहिती बदलली का. या गटातल्या खेळाडूला रोजच्या एका ६० मिनिटांच्या खिडकीत आपण कुठं भेटू ते कळवावं लागतं. १२ महिन्यांत तीन चुका झाल्या की तो नियमभंग ठरतो. घाईनं घरी निघालेला खेळाडू जुन्याच पत्त्यावर खिडकी ठेवून विमानात बसतो.

रजा १० ते १४ दिवसांची बरी. चार दिवसांत प्रवासाचा शीणही जात नाही, महिनाभरात परतायचे पाय गळून जातात.

घरच्यांसाठी

फोनवर रडू ऐकलं की तोंडून पहिलं वाक्य येतं ‘ये बाळा निघून’. ते गिळा. त्याऐवजी विचारा: आज जेवलास का, कोणाशी बोललास, रजा किती दिवसांवर आहे. ‘तुझ्याशिवाय घर खायला उठतं’, ‘आजी सारखी तुझं नाव काढते’ ही वाक्यं खरी असली तरी पहिले तीन महिने तुमच्याकडेच ठेवा. पगारातून घरच्या कर्जाचा हप्ता जायला लागला असेल तर त्याचा उल्लेख फोनवर नको. ज्या पोराला आपल्या सरावावर घर चालतंय असं वाटतं, ते त्रास लपवतं आणि एके दिवशी एकदम कोलमडतं.

क्लबला किंवा कोचला परस्पर फोन करू नका. खेळाडू अल्पवयीन असेल तर गोष्ट वेगळी.

टप्पा ७ : तरीही परतायचंच ठरलं तर

रजा झाली, डॉक्टर झाला, हंगामाचा अर्धा भाग गेला, तरी मन तेच सांगतंय. मग परतण्यात कमीपणा नाही. फक्त हा क्रम मोडू नका.

पहिलं, खेळाडू संघटनेचा किंवा क्रीडा कायदा जाणणाऱ्या वकिलाचा सल्ला, क्लबशी बोलण्याआधी. एजंटचा सल्ला घ्या, पण त्याचं कमिशन तुमच्या करारावर अवलंबून आहे हे विसरू नका.

दुसरं, करार न मोडता काय होतं ते पाहा: मायदेशी किंवा घराजवळच्या क्लबकडे उसनवारी, उरलेल्या हंगामापुरती बिनपगारी रजा, बदली. क्लबलाही खचलेला खेळाडू पगार देऊन ठेवायचा नसतो, त्यामुळे हे बोलणं वाटतं तितकं कठीण जात नाही.

तिसरं, दोघांच्या संमतीनं करार संपवणं. कागदावर हे सगळं हवं: शेवटची तारीख, त्या तारखेपर्यंतचा पगार आणि बोनस किती व कधी, कोणाचंही कोणाकडे पुढे काही येणं नाही हे वाक्य, क्लब नोंदणी अडवणार नाही ही हमी, परतीचं तिकीट कोणाचं, घर कधी सोडायचं, दोन्ही बाजूंच्या सह्या. ‘काळजी करू नकोस, आम्ही तुला मोकळं केलं’ असा मेसेज म्हणजे करारमुक्ती नव्हे.

चौथं, क्लबचीच चूक असेल तर मार्ग वेगळा. फिफाच्या नियमांनुसार किमान दोन महिन्यांचा पगार थकला असेल, तर क्लबला लेखी नोटीस देऊन किमान १५ दिवसांची मुदत द्यायची, आणि तरीही पैसे आले नाहीत तर योग्य कारणानं करार संपवता येतो. नोटीस न देता निघून आलात तर बरोबर असूनही चूक ठरण्याची भीती. आंतरराष्ट्रीय वाद फिफाच्या लवादाकडे घटना घडल्यापासून २ वर्षांच्या आत न्यावा लागतो. खेळाडू पक्षकार असलेल्या अशा प्रकरणाला तिथं शुल्क लागत नाही.

घराची ओढ हे मात्र या नियमांत आपोआप योग्य कारण धरलं जात नाही. ‘हंगामात १० टक्क्यांहून कमी सामने मिळाले’ हा आधारही प्रस्थापित व्यावसायिकांसाठी आहे आणि हंगामातल्या शेवटच्या अधिकृत सामन्यानंतर १५ दिवसांतच वापरता येतो. पहिल्या वर्षाच्या नवख्यानं त्यावर भिस्त ठेवू नये. २८ वर्षांच्या आत केलेल्या कराराची पहिली तीन वर्षं किंवा तीन हंगाम संरक्षित काळात मोडतात. त्यात कारणाशिवाय निघून आल्यास भरपाईच्या जोडीला अधिकृत सामन्यांतून चार महिन्यांच्या बंदीची तरतूद आहे. भरपाईचे आणि आंतरराष्ट्रीय बदली प्रमाणपत्राचे (दुसऱ्या देशातल्या क्लबकडे नोंदणीसाठी लागणाऱ्या कागदाचे) नियम मात्र फुटबॉलपटू लासाना दियारा याच्या खटल्यातल्या युरोपीय न्यायालयाच्या ऑक्टोबर २०२४ मधल्या निकालानंतर बदलले, म्हणून जुन्या लेखांवरून हिशेब मांडू नका.

पाचवं, आणि इथंच: तिकीट.

नीट निघालेल्याला दार पुन्हा उघडतं. आयर्लंडचा कॉनर मॅकेना २०२० साली ऑस्ट्रेलियन फुटबॉल सोडून घरी परतला, २०२१ मध्ये टायरोन परगण्याच्या संघाबरोबर गेलिक फुटबॉलची ऑल-आयर्लंड स्पर्धा जिंकला, पुढे ऑस्ट्रेलियातल्याच ब्रिस्बेन लायन्स या क्लबकडे गेला आणि २०२४ च्या त्यांच्या विजेत्या संघात खेळला.

घरी पोचल्यावरचा पहिला महिना

करारमुक्तीचा कागद मूळ प्रतीत आहे का ते पाहा. मायदेशी खेळायचं असेल तर स्थानिक क्लबला तुमचं आंतरराष्ट्रीय बदली प्रमाणपत्र मागवावं लागेल. ते येईपर्यंत मैत्रीपूर्ण सामन्यातही उतरण्याआधी महासंघाला विचारा. तिकडचं बँक खातं शेवटचा पगार येईपर्यंत बंद करू नका. कर भरल्याचा दाखला, शेवटची पगारपावती आणि वैद्यकीय अहवाल क्लबकडून मागून घ्या. क्लबमधला ओळखीचा माणूस बदलला की हे कागद मिळायला महिने लागतात. ठावठिकाण्याच्या यादीतून नाव आपोआप निघत नाही, तोवर रोजची खिडकी भरत राहा.